ओल्यावर ओलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागून उठायचो. आणि जिला सांगायला हवं होतं ती इंदू, माझी बायको, ती गेली. वर्ष होत आलं. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही ते एक बरं आहे.

वाचलंत तर हसाल. तोंडाला लावायच्या क्रीमची गोष्ट आहे. म्हणाल, बायको गेली आणि म्हातारा चळला. हसा. दुसऱ्या कोणाची असती तर मीही हसलो असतो.

परवा डोळ्यांचे थेंब आणायला मेडिकलमध्ये गेलो होतो. माझ्यापुढे एक कॉलेजची पोरगी उभी. काउंटरवरच्या मुलीला विचारत होती — सनस्क्रीनवर मेकअप केला की सगळं गोळा होऊन निघतं, काय करू? काउंटरवाली म्हणाली, "मध्ये थांबतेस का? सनस्क्रीन लाव, सुकू दे, मग वरचं लाव. आणि चोळू नको गं. थापट."

एवढंच म्हणाली. मला कोणीतरी पकडलं असं वाटलं — भर दुकानात. थेंब राहिले बाजूला, मी मध्येच तोंड घातलं, "किती वेळ थांबायचं?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. "काका, तुम्हाला लावायचंय?"

"हो," म्हटलं. "दे एक ट्यूब."

मागे वळल्यावर हसल्या असतील. हसू देत.

पण किती वेळ थांबायचं, हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. मला ठाऊक होतं. इथेच तर सगळं आहे.

मी सातवी शिकलेला माणूस. कुडाळकडचा. मुंबईत आलो आणि साकीनाक्याला एका गॅरेजमध्ये लागलो, ते हात थरथरायला लागेपर्यंत तिथेच. गाड्या रंगवायचो. ठोकलेली गाडी यायची, ठोकाठोकी करणारा पत्रा सरळ करायचा, मग माझं काम. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, मग रंग. या कामात अक्कल कमी लागते, धीर जास्त लागतो. खालचा हात सुकल्याशिवाय वरचा हात मारायचा नाही. बोट पालथं करून कोपऱ्यात टेकवायचं — रंगाने बोट धरलं तर थांब, सोडलं तर मार. घाईने ओल्यावर ओलं मारलंस की आज झकास दिसेल आणि चार दिवसांनी वाट लागेल. सुरकुत्या येतात, पापुद्रे सुटतात. मी हे नव्या पोरांना शिव्या देऊन देऊन शिकवलंय.

आणि उन्हाचं म्हणाल तर ऊन मला चांगलं माहीत होतं. ऊन रंग खातं. लाल सगळ्यात आधी. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या लाल गाडीचं छप्पर बघा, वरणासारखं होतं. पण माणसाच्या कातडीला ऊन उलटं करतं, हे मला इंदूकडे बघून कळलं. पत्र्याचा रंग उडतो, माणसाचा चढतो. असं का? अजून मला हे कोणी नीट सांगितलेलं नाही.

इंदू मालवणी मसाला करायची. आमची विक्रोळीची बिल्डिंग, चौथा माळा, वर गच्ची. होळी झाली की गच्चीवर तिच्या मिरच्या पसरलेल्या — बेडगी, संकेश्वरी, वेगवेगळ्या चादरींवर. भर दुपारी जाऊन उलथायची, कारण ऊन डोक्यावर असतानाच उलथल्या तर आतून सुकतात म्हणायची. मग भाजायचं, डंकावर नेऊन कुटून आणायचं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत तिची गिऱ्हाइकं. पदर तोंडाला बांधायची तो मिरचीच्या खाटाने ठसका लागतो म्हणून, उन्हासाठी नाही. उन्हाची पर्वा कोणाला होती?

पन्नाशी उलटल्यावर तिच्या गालांवर वांग आलं. आधी तपकिरी ठिपके, मग दोन्ही गालांवर पसरलं, नाकावरून जोडलं गेलं. बिल्डिंगमधल्या बायका तोंडावर सांगायच्या, "इंदू, वांग इला गो तुका, काळजी घे." ती लिंबू चोळायची, मसूरडाळ वाटून लावायची. काही नाही. शेवटी सूनबाई, रेश्मा, तिला कातडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरीण म्हणाली, औषध देते, पण रोज सनस्क्रीन लावल्याशिवाय गच्चीवर पाय ठेवायचा नाही.

इंदू सावळी. त्या सनस्क्रीनने तिचं तोंड राखेसारखं दिसायचं. मी म्हणायचो, "प्रायमर मारला वाटतं?" ती हसायची. तेव्हा तरी हसायची.

मग रेश्माने एक दिवस तिला खुर्चीत बसवलं. फाउंडेशनची बाटली आणलेली. दुकानात इंदूचा फोटो दाखवून, स्वतःच्या मनगटावर चार रंग लावून बघून तिच्या रंगाचं शोधून आणलेलं. आधी सनस्क्रीन लावलं. मग दोघी चहा प्यायल्या — मी समोर बसून बघत होतो, दोघींनी चहा प्यायला, गप्पा मारल्या, आणि मगच रेश्माने बोटाने थोडं थोडं थापटत वरचं लावलं. मी मनात म्हटलं, पोरीला काम येतं.

वांग गेलं हो. म्हणजे होतं तिथेच, पण दिसेना. राखही दिसेना. इंदूने आरशात बघितलं, मान वळवून दोन्ही गाल पाहिले. मग आरशातल्या बाईलाच ती कुठून आली ते विचारलं, "खयसून इलंस गो बाय?"

रेश्मा हसून हसून लाल झाली. मी पण हसलो. इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं — हे मी खरं सांगतोय का? नव्हतंच, असं मला वाटतं. पण नीट बघायला गेलो की नक्की सांगता येत नाही.

कारण त्यानंतर इंदू बदलली. वाईट काही नाही. मान वर करून चालायला लागली. मसाला न्यायला गिऱ्हाईक आलं की आधी दाराआडून पिशवी द्यायची, ती आता बाहेर येऊन गप्पा मारायला लागली. कामाच्या दिवशी रेश्मा ऑफिसला जायच्या आधी लावून द्यायची. इंदू गच्चीवरून खाली यायची ती गुणगुणत. आणि मला ते आवडत नव्हतं. आता विचार करतो — त्यात न आवडण्यासारखं काय होतं? घरात कोणी खूश असलं तर माणसाला राग येतो का? मला येत होता. जेवायला बसलो की मीठ कमी आहे, भात गार आहे, असं काहीतरी काढायचो. कशाचा राग आहे हे मलाच सापडत नव्हतं.

सापडलं ते रिक्षात. घाटकोपरला जात होतो दोघं. इंदूचा पदर बाहेर गेला वाऱ्याने. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि मला म्हणाला, "चाचा, बेटी को बोलो पल्लू अंदर ले, टायर में आएगा."

बेटी!

आमच्या दोघांत सहा वर्षांचं अंतर. पण गॅरेजच्या धुराने, थिनरच्या वासाने माझं तोंड कधीच पिचलेलं, दात गेलेले, केस गेलेले. इंदू रिक्षात हसली ती थांबेचना. घरी येऊन रेश्माला सांगितलं, मुलाला सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं. गिऱ्हाइकाला मसाला देताना सांगायची, "आमचे बापूस बसलेत बघा आतमध्ये." सगळे हसायचे. मी पण हसायचो. दात नसलेल्या माणसाचं हसणं कोण बारकाईने बघतं?

तिने थट्टा केली. नवरा-बायकोत चालते तेवढीच. ती वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो — नाहीतर तुम्ही दोष तिच्यावर घालाल आणि मला सोडाल.

मग बोरिवलीचं लग्न आलं. माझ्या बहिणीच्या नातीचं. मे महिना. रेश्मा तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलुंडला. म्हणजे इंदूला पहिल्यांदाच सगळं स्वतःच्या हाताने लावायचं होतं. फोनवर रेश्माने सांगितलेलं — आई, मध्ये थांबा. किती ते इंदू विसरली, की तिला नीट ऐकू आलं नाही. जांभळी पैठणी नेसून बसलेली, तोंडाला पांढरं लावलेलं, हातात ती बाटली. माझ्याकडे वळली.

"अहो, ह्या सुकाक किती वेळ थांबाक होया? तुमका रंगातला कळता म्हणान इचारतंय."

आयुष्यात कधी तिने माझ्या कामातलं काही विचारलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. आणि झालाही असेल — क्षणभर. मी तिच्या गालाकडे बघितलं. चकचकीत ओला होता. पालथं बोट टेकवायचीही गरज नव्हती, मला नुसत्या डोळ्याने कळत होतं. तोंडाशी आलेलं, "चहा ठेव, पी, मग लाव."

मी म्हणालो, "थांबायचं कशाला? ओल्यावर ओलंच बसतं. आणि चांगलं जोर लावून चोळ."

हे ते. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही.

घाई नव्हती. गाडी यायला वेळ होता. मी विसरलो नव्हतो, चुकलो नव्हतो, थट्टा करत नव्हतो. पुढे काय होणार हे मला जसंच्या तसं दिसत होतं. आणि मला बघायचं होतं — ते व्हावं असं मला वाटत होतं.

तिने चोळलं. घरात आमच्या अंधारच, तिला आरशात बरंच दिसलं. बोरिवलीला पोचेपर्यंत घाम. हॉलच्या दाराशी तिने रुमालाने गाल टिपला आणि सुरू झालं. रबराने खोडल्यावर कागदावर पडतात तशा बारीक वळ्या — गालावरून, नाकावरून, हनुवटीखाली, पैठणीच्या काठावर. जिथून निघालं तिथे खालचं वांग, बाजूला रंग, मध्ये पांढरं. तिला काही कळेना. ती आणखी पुसायला लागली, आणखी सुटायला लागलं.

माझी बहीण फटकळ बोलणारी. चार बायकांत उभी होती. म्हणाली, "इंदू, गालाक काय गो झाला? भिंतीचो चुनो सुटता तसो सुटता!"

हसल्या सगळ्या. दुष्टपणे नाही — लग्नात हसतात तशा.

इंदूने माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघितलं असेल? पंख्याकडे. हॉलचा पंखा होता मोठा, त्याच्याकडे बघत बसलो. ती मोरीत गेली, हात धुवायच्या साबणाने सगळं तोंड धुऊन आली आणि ओला पदर तोंडावर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. फोटोला स्टेजवर बोलावलं तर गेली नाही. मी एकटा गेलो. मग जेवलो. चांगला जेवलो. आणि मला बरं वाटत होतं — हे लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. बरं वाटत होतं. किती वेळ? जेवण होईपर्यंत असेल. परत येताना ती खिडकीकडे तोंड करून बसली, तेव्हा मला कळलं की हे मी समजलो तेवढं छोटं नाही.

तेव्हा सांगायचं होतं. किंवा दुसऱ्या दिवशी. एक वाक्य होतं — अगं, थोडं थांबून लाव. बस.

रेश्मा बाळ घेऊन परत आली, तिला सगळं कळलं. तिने विचारलं, "आई, मध्ये थांबला होतात ना?" मी तिथेच होतो, नातवाला मांडीवर घेऊन. इंदू म्हणाली, "ह्यांका इचारून लावलंय मी. हे रंगात चुकाचे नाय. माझ्याच कातडीत खोट आसा."

समजतंय का तुम्हाला? तिने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून तिला दुसरं कारण उरलंच नाही. मी चुकणार नाही, रेश्माने आणलेलं महागाचं — मग राहिलं काय? तिचं स्वतःचं तोंड.

रेश्मा म्हणाली, माझंच चुकलं असेल, दुसऱ्या कंपनीचं आणते. इंदूने ऐकलं नाही. फाउंडेशन सोडलं, त्याच्याबरोबर सनस्क्रीनही सोडलं — एकदा मन उठलं की उठलं. गच्चीवर तशीच जायची. वांग कपाळावर चढलं. गिऱ्हाइकाला पुन्हा दाराआडून पिशवी. लग्न असलं, बारसं असलं की, "तुम्ही जावन येवा, माझे गुडघे दुखतत." गुडघे दुखत नव्हते. चार माळे दिवसातून कितीदा चढायची गच्चीसाठी.

मी एकटा जाऊन यायचो. सगळे विचारायचे, वहिनी कुठे? मी सांगायचो, गुडघे.

का सांगितलं नाही? हे मी खूप शोधलं. सुरुवातीला वाटलं, विसरेल. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, तेव्हाच का नाही सांगितलंत. मग इतके दिवस गेले की तो खोटेपणा घरातलाच झाला, कोपऱ्यातल्या पिंपासारखा — असतो तिथे, वळसा घालून जायचं. पण ही सगळी नंतरची कारणं. त्या सकाळचं कारण कुठलं? रिक्षावाला? म्हातारपण? की चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या नव्या करून दिल्या आणि माझ्यावर कोणी हात फिरवला नाही म्हणून? यातलं एकही उत्तर मापाचं बसत नाही. मी बसवून बघितलंय.

काल मी ती नवी ट्यूब उघडली. मला बघायचंच होतं. दोन्ही हातांवर लावलं, मनगटाच्या वर. दुधासारखं पांढरं, चोळल्यावर कुठे जातं कळत नाही. उजव्या हातावर लगेच रेश्माच्या बाटलीतलं फाउंडेशन चोळलं — रेश्मा घरात नव्हती. डाव्यासाठी थांबलो. चहा केला, प्यायलो, पालथं बोट टेकवून बघितलं, मग थापटलं. आणि गच्चीवर जाऊन उन्हात बसलो. खालच्या मजल्यावरची वहिनी कपडे वाळत घालायला आली, म्हणाली, "काय हो, हातावर काय मेंदी काढलीत?" म्हटलं, "प्रयोग चाललाय." "या वयात?" "या वयात."

उजव्या हाताच्या वळ्या पडल्या. डावा संध्याकाळपर्यंत तसाच. मला ठाऊक होतंच. तरी का बघितलं? कुठेतरी वाटत होतं की काय, की डाव्याचंही सुटेल — मग तिचं त्या दिवशी कसंही सुटलंच असतं, असं म्हणता येईल? बहुतेक तेच. नाही सुटलं.

आता राहिलं ते शेवटचं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट आहे.

इंदू गेली झोपेत, मेंदूत रक्त साकळून. सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. रेश्मा आत गेली आणि ती बाटली घेऊन आली. कोणीतरी म्हणालं, "आता कशाला गो ता?" ती ऐकेना. सासूच्या डोक्याशी बसून रडत रडत, एका बोटाने, तिच्या गालावर थापटत राहिली. वांग गेलं. रंग बसला. घाम नव्हता, काही नव्हतं — छान बसला.

मग तिने मान वर केली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाबा, तेव्हा मीच चुकीचं आणलं होतं ना? त्याच्यामुळेच आई कुठे जाईनाशा झाल्या ना?"

इंदू आमच्या दोघांच्या मध्ये होती. यापुढे आणखी कुठली वेळ मिळणार होती मला?

मी म्हणालो, "असेल."

त्या दिवसापासून रेश्मा मला सगळ्यांच्या आधी वाढते. चहात साखर किती, गोळी कधी, सगळं बघते. मला वाटतं ती काहीतरी फेडते आहे. मी बसून घेतो.

हे कागद तुमच्याकडे पोचायच्या आधी तिच्याकडे जातील. माझ्या हाताने देणार आहे, समोर बसून. तिला मोठ्याने वाचून दाखवायची माझी हिंमत नाही, म्हणून शेवटी एवढं तिच्यासाठी लिहितो.

रेश्मा, तू आणलेला रंग बरोबर इंदूच्या रंगाचा होता. तिच्या कातडीत काही खोट नव्हती. तिने मला विचारलं, आणि मी चुकीचं सांगितलं. मुद्दाम.